यंत्रात न मावलेला श्वास

गनीचाचाचं सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून घेऊन तो पट्ट्यांवर वाजवायचं यंत्र, बघितलं की मला आधी हसू यायचं. लोखंडी ट्रंकेएवढं धूड, फ्लॉपी घातली की सुपारी कातरल्यासारखं कुरकुरणार, आणि एवढं करून आत मावणार काय, तर जेमतेम दहा सेकंदांचा आवाज. माझ्या फोनमध्ये अख्ख्या पोलादपूर तालुक्याची लग्नं मावतील! पण गनीचाचा शारजाहून परतताना सोनं सोडून हे घेऊन आलेला माणूस. तिथल्या हॉटेलचा बँड जुनं सामान काढत होता, ते याने उचललं आणि महाडला येऊन बेंजो पार्टी काढली. शरिफाचाची अजून त्या यंत्राला सवत म्हणते.

माझा आजा गोमाजी त्याचा जुना दोस्त. आमच्या वाडीत शिमग्याची पालखी उठते ती आजाच्या सनईवर. ढोल कितीही बडवा, सनई वाजल्याशिवाय भोई खांदा देत नाहीत. यंदा आजाच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी फुंकणं बंद केलं आणि आजाने जेवणच बंद करत आणलं. सनईवाचून शिमगा झाला तर हा माणूस अंथरुणातून उठायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

मी गनीचाचाला म्हटलं, मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे, फोन स्पीकरला जोडू. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या नैवेद्याला मॅगी वाढली.

"पालखी काय एसटी हाय का गो सेजल, टायमावर सुटायला? ती नाचंल तशी सनई वाजाय पायजे."

म्हणजे सूर सुटे हवेत आणि बोटाखाली हवेत. डॉक्टरांना चोरून फुंकलं तरी आजाला एका दमात एखाददुसराच सूर जमत होता, आणि त्या यंत्रालाही तेवढाच पुरत होता. जोडी बरोबर जमली.

चाचाने आमच्या पडवीत ठाण मांडलं. आजाचे सूर कॅसेटवर घेतले आणि दुप्पट वेगाने फिरणाऱ्या जुन्या डेकवर लावून यंत्रात भरले. सनई चिरचिरायला लागली तसा आजा भडकला.

"ही माझी सनई? ही तर उंदराची वरात!"

"थांब रे गोमा," चाचा म्हणाला. "घाईत घेतला की सूर निम्म्या जागेत बसतो. आता आतमधी त्याला तेवढाच हळू करायचा."

त्याने एक कळ दाबली आणि आजाचा भरदार सूर पडवीभर घुमला. थोडा खरखरीत, पण सनईला खरखर शोभते. लांब सुराचा मधला टीचभर तुकडा ठेवून त्याने तोच गोल फिरवला. बोट दाबून धरलं की सूर संपायचाच नाही. मी कान लावून सांधा शोधला, मला सापडला नाही. भाजी निवडणाऱ्या बाईसारखा तो मान खाली घालून सुरांची टोकं खुडत बसला होता. प्रत्येक सुरामागे आजाच्या श्वासाचा आवाज होता, तोही त्याने जागा खातो म्हणून कापला. मला आता हसू येत नव्हतं. इतक्याशा जागेचा इतका मान राखणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्याने सगळी चाल वाजवून दाखवली. आजाने शेवटपर्यंत ऐकली.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "मंग आता माझं काय काम?"

आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. ज्याच्यासाठी खटाटोप केला, त्यालाच आम्ही घरी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोयांचा सराव. दांड्याला भाताचं पोतं बांधून भागोजी पुढे, चांगू मागे. चाचा वाजवायला लागला. जरा वेळ बरं चाललं, मग भागोजी एका खांद्यावर, चांगू दुसऱ्यावर, दांडा तिरका आणि पोतं अंगणात.

"आरं, गोमाजी दम घेतो तवाच आमी खांदा बदलतो!" भागोजी ओरडला. "ही सनई दमच घेत नाय!"

हे कोणी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आजालाही माहीत नसावं.

"मग कापलेले श्वास परत घाला," मी म्हटलं.

"जागा नाय." चाचाने सूर धरला, मग बोट उचललं. सगळं गप्प. तो स्वतःशीच हसला. "पर गप बसाया जागा लागतच नाय गो! बोट उचललं की झालं. फकस्त उचलायचं कवा?"

"त्याचा नेम नाय," भागोजी म्हणाला. "चढावर लवकर, अंगणात उशिरा. ते गोमाजीलाच कळतं."

चाचा तडक आजाच्या खोलीत गेला.

"गोमा, ऊठ. सूर मावलं सगळं. श्वास नाय मावला. तो तुलाच घ्यावा लागंल."

आजा भिंतीकडून आमच्याकडे वळला. मग म्हणाला, "सेजल, माझा फेटा कुठं हाय गो?"

शिमग्याला पालखीच्या चौथऱ्यापाशी यंत्र मांडलं. शेजारी आजा, फेटा बांधून, सनई ओठांना नुसती टेकवून. त्याने छाती भरायला घेतली की चाचाचं बोट उचलायचं आणि भोई खांदा बदलायचे. पालखी अशी नाचली की माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

मध्येच आजाला ठसका लागला. चाचाचं बोट वरच राहिलं. ढोल थांबले. भागोजी आणि चांगू देवाला खांद्यावर घेऊन जागच्या जागी उभे. आजा खोकतोय, कोणीतरी तांब्या पुढे करतंय, आणि अख्खी वाडी उन्हात नुसती उभी. घाई कोणालाच नव्हती. मी शूटिंग बंद करून फोन ठेवून दिला.

आजा पाणी प्यायला, त्याने मिशी पुसली, सनई परत ओठांना टेकवली आणि सावकाश छाती भरून घेतली. मग चाचाचं बोट खाली आलं.