आबांचा ब्राउझर आणि माझी घरघंटी

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, म्हातारा कॉम्प्युटर ठाण मांडून बसलाय आणि मला तिथे घरघंटी हवी होती. भांडण एवढंच. चाळीसगावात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं दळण घेऊन दर रविवारी गिरणीवर तासभर मीच उभी राहायची, आबा नाही.

रतिलाल आबा रेल्वेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मशीनमध्ये ओएस-टू नावाची प्रणाली आहे, जी कंपनीने केव्हाच बंद केली. तिच्यासोबत आलेला ब्राउझर वेबएक्सप्लोरर, तीस वर्षांपूर्वीचा. आजच्या साइटांची सुरक्षेची कुलपं त्याला उघडत नाहीत. तरी आबा त्याच्यापुढे रोज तासभर बसतात. देवाला पाच मिनिटं.

शेवटी पैज लागली. शेजारचे जीवरामभाऊ पंच. रविवारी त्यात इंटरनेटवरचं एक जरी पान उघडलं तर मशीन राहील आणि गल्लीला भरीत मी खाऊ घालीन. नाही उघडलं तर मशीन भंगारात आणि भरीत आबांकडून.

शनिवारी आबा फोनवर माझ्या नवऱ्याला सांगत होते की परदेशातल्या कुणा शौकिनाची बिनकुलपाची साइट सापडलीय. म्हणजे पैज मी हरणार. रविवारी आबा आंघोळीला गेल्यावर मी मशीनमागची इंटरनेटची वायर काढली आणि पिठाच्या डब्यात दडवली. लाज वाटली, नाही असं नाही.

गल्ली जमली. आबांनी दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि करड्या पानावर रोमन अक्षरांत जीवरामभाऊंचं नाव उमटलं, खाली चाळीसगाव. जीवरामभाऊ खुर्चीतून उठूनच उभे राहिले. निकाल लागला.

वायर पिठात आणि पान पडद्यावर! म्हणजे म्हाताऱ्याने पान मशीनच्याच पोटात लिहून ठेवलं होतं. पण बोलू कशी? वायर नाही हे तुला कसं कळलं, असं कुणीही विचारलं असतं. गुमान वांगी भाजायला बसले.

भाकरीसाठी डबा उघडला तर आबा मागेच उभे.

"पीठ चाळी ले, पोरी," ते म्हणाले. "नहीते लोकेस्ना घासमा वायर येई."

परदेशातली साइट कुठे गेली, असं मी विचारलं. तशी साइट नव्हतीच. फोनवर ते मुद्दाम मोठ्याने बोलले होते. संशय आला असता तर मलाच, आणि वायर माझ्याच हातून निघाली की माझं तोंड आपोआप बंद. मला इतका राग आला की हसूच फुटलं.

संध्याकाळी भरीत खाता खाता जीवरामभाऊ धुळ्याच्या बहिणीला फोनवर सांगत होते, आपलं नाव जगभर झळकलंय. आबांनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

मशीन कोपऱ्यातच आहे. दळणाचा डबा मात्र आता दर रविवारी आबा नेतात, कुरकुर न करता. कारण वायर मी परत दिलेली नाही, आणि मशीनमागे वायर तरी आहे का ते कधी डोकावून बघा, एवढं जीवरामभाऊंना सांगायला मला कितीसा वेळ लागतो?