होडीतली पुढची जागा

बाबांनी माझ्यासाठी दोन वर्षं खपून बांधलेली होडी गेल्या रविवारी पाण्यात उतरली, आणि पुढच्या जागेवर एक दाताची डॉक्टर बसली होती.

असं काहीही झालेलं नाही. होडी अजून बाबांच्या बैठकीच्या खोलीत आहे, टीव्ही आणि सोफ्याच्या मधे, आणि पुढची जागा रिकामी आहे. आपण तिथूनच सुरुवात करू.

मी बस डेपोत ड्युट्या लावतो. दोनशे दहा चालक, कोण कुठल्या बसवर, कुणाची सुट्टी कधी, सगळं माझ्या एका तक्त्यावर चालतं. आजवर एकही बस चालकाविना सुटलेली नाही. त्यामुळे मला वाटलं, एका माणसाचा तक्ता लावायला असं काय लागतंय, आणि मी माझा स्वतःचाही लावला. सोमवार ते शुक्रवार डेपो. संध्याकाळी माझं ॲप, जे लोकांना कुंड्यांना पाणी घालायची आठवण करून देतं. (ते बनवण्याच्या नादात माझी तिन्ही झाडं वाळली.) शनिवारी दोर बांधून कडे चढणं. रविवारी दहा ते बारा समाजसेवा. जोडून सुट्टी आली की प्रवास. बाबांची ओळ सगळ्यात खाली होती, पेन्सिलनं: 'जमेल तसं'.

समाजसेवा म्हणजे आमची एक संस्था आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ती आठवड्यातून दोन तास सोबतीला माणूस पाठवते. माझ्या वाट्याला एक निवृत्त परीक्षक आले. मी निघताना ते मला दहापैकी गुण देतात. माझी आजवरची मजल साडेचार. त्यावर शेरा होता, "ऐकण्याचं नाटक बरं करतो."

आता होडी. आई गेल्यानंतर एकदा बाबांशी फोनवर बोलताना विषय संपले, म्हणून मी म्हणालो, "बाबा, एकदा आपण दोघं होडी घेऊन तळ्यावर जाऊ." असली वाक्यं माणूस फोन ठेवता यावा म्हणून बोलतो. इतर लोक ती ऐकून 'हो हो, बघू' म्हणतात. बाबा सुतार आहेत. त्यांनी फळ्या आणल्या.

त्यानंतर दर महिन्याला फोन.

"साहेब, कंबरेचं माप पाहिजे. तुझी बसायची जागा करायचीय."

"येतो ना बाबा. पुढच्या आठवड्यात नक्की."

"फोनवर सांगितलंस तरी चालेल."

"छे, फोनवर काय सांगायचं! तुम्हीच घ्या तुमच्या टेपनं."

मला वाटायचं, मी किती प्रेमानं बोलतोय.

मग एके दिवशी संस्थेच्या बैठकीत नव्या नोंदी वाचून दाखवत होते. "निवृत्त सुतार. पत्नी हयात नाही. एक मुलगा, परगावी. दाताच्या डॉक्टर मॅडम रविवारी दहा ते बारा जातील." मी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक नोंदीनंतर वाजवायच्या असतात. मग पत्ता वाचला आणि माझे हात मधेच थांबले.

मी परगावी नाही. मी बाबांच्या घरापासून अकरा थांब्यांवर राहतो. त्या मार्गावरची बस मीच लावतो, दर बारा मिनिटांनी एक.

बाहेर येऊन फोन लावला. "बाबा, मुलगा परगावी असं का लिहिलंत?"

"फॉर्मवर विचारलं होतं, मुलगा कुठे असतो. मला काय माहीत? तुझे शेवटचे पाच फोटो आले, पाचांत पाच डोंगर."

"मी येतो रविवारी."

"रविवारी दहा ते बारा ती पोरगी येते."

"मग दुपारी?"

"दुपारी मी दमतो. बोलून बोलून."

बाबा. बोलून. माझ्याशी ते 'जेवलास का' आणि 'ठेवतो' याखेरीज काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या समन्वयक ताईंच्या टेबलासमोर उभा होतो. "ताई, त्या सुतारांकडे मला पाठवा."

"तुम्ही त्यांचा मुलगा ना? नातेवाईकाला नातेवाईकाकडे पाठवत नाही. ते घरचं काम झालं."

"घरचं म्हणून मला जमत नाही हो. ड्युटी म्हणून लावलीत तर एकही रविवार चुकणार नाही. परीक्षकांना विचारा, मी कधी एक मिनिट उशिरा गेलोय?"

"म्हणून तर तुम्हाला तिथून हलवत नाही," ताई म्हणाल्या आणि मला चहा दिला. वाईट बातमी देताना त्या चहा देतात.

त्या आठवड्यात मी तक्ता फाडला. ॲप बंद केलं. तीन लोक वापरत होते, त्यातला एक मी. कड्यांवरच्या मित्रांना सांगितलं, माझा दोर कुणीही घ्या. तिकिटं रद्द केली. परीक्षकांना आयुष्यात पहिल्यांदा दांडी मारली (त्यांचा निरोप: "गैरहजर. शून्य.") आणि रविवारी सव्वादहाला बाबांच्या दारात उभा राहिलो.

दाताची डॉक्टर होडीत पुढच्या जागेवर बसली होती. बाबा रंधा मारत तिला आईबद्दल काहीतरी सांगत होते आणि दोघंही हसत होते. मला पाहून बाबा थांबले.

"अरे, साहेब! आज कसं काय?"

"माप द्यायला आलो."

बाबांनी रंधा खाली ठेवला. "जागा झाली रे. हिच्या मापाची केली. दोन वर्षं तुझी वाट बघितली."

"मी बसून बघतो की. होईल थोडं घट्ट."

डॉक्टर उतरली. मी बसलो. म्हणजे अर्धा बसलो. मग वरही येईना, खालीही जाईना.

"अडकलास?" बाबांनी विचारलं.

"नाही. आरामात आहे."

"पोरी, तू याचे खांदे धर. मी पाय धरतो. दात काढतेस तसाच काढ."

"भूल देऊ का?" ती म्हणाली.

मी निघालो. लाकडाला ओरखडा आला. बाबांनी आधी ओरखड्यावरून अंगठा फिरवला, मग मला विचारलं, "लागलं का?"

"बाबा, ही जागा थोडी रुंद करता येईल?"

"तासलेलं लाकूड परत येत नाही रे." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. "पुढच्या रविवारी उतरवतोय. दारातून जात नाही, खिडकीची चौकट काढावी लागेल. साडेनऊला येशील? धरायला एक माणूस कमी पडतोय."

मी नऊलाच पोचलो. चौकट काढली. होडी खिडकीतून नीट बाहेर गेली आणि डॉक्टरच्या गाडीच्या टपावर चढली. दहा वाजले.

"तुझे ते परीक्षक वाट बघत असतील," बाबा म्हणाले. "जा, उशीर होईल. म्हातारी माणसं दारातच बसून असतात."

गाडी गेली. वर सांगितल्याप्रमाणे असं काहीही झालेलं नाही. मी फक्त भिंतीतल्या भोकासमोर चौकट धरून उभा होतो, बारा वाजेपर्यंत, कारण ती कुठे ठेवायची ते विचारायचं राहून गेलं.

प्रति, मा. समन्वयक यांस.
विषय: अर्जदारास त्याच्या वडिलांसाठी अनोळखी इसम म्हणून मान्यता मिळणेबाबत.
महोदया, अर्जदार गेली दोन वर्षं वरील वडिलांकडे राहिलेला, जेवलेला अथवा बसलेला नाही. वडिलांना अर्जदाराचा पत्ता माहीत नाही आणि अर्जदाराला वडिलांचे विनोद माहीत नाहीत. पाच डोंगरांचे फोटो पुराव्यादाखल जोडले आहेत. सबब, नात्याची अट शिथिल करून अर्जदारास दर रविवारी दहा ते बारा सदर इसमाकडे पाठवण्यात यावे. कंबर दोन इंच कमी करण्यास अर्जदार तयार आहे. ते शक्य नसल्यास, होडी परत येईपर्यंत खिडकीची चौकट धरून उभे राहण्याचे काम तरी कायमस्वरूपी देण्यात यावे, ही विनंती.