सहा फूट बाय अडीच

ऑक्टोबर संपत आला की इथे आखातात, खलिफा सिटीतली माणसं घराबाहेर यायला लागतात. चार महिने एसीत कोंडलेली, पांढुरकी, डोळे किलकिले करत. आमच्या मागच्या अंगणात तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. उन्हानं तडकलेले ठिबकचे पाइप, वांग्यांची काळी काटकं, भिंतीला साठलेली वाळू. सगळं उपसायचं, माती उलथायची, खत घालायचं. इथे बाग थंडीतच जागी होते.

अंगण दोन घरांत मिळून आहे. एकाच व्हिलाचे दोन भाग केलेत. एकात मी आणि दत्तप्रसाद, दुसऱ्यात रत्नागिरीकडचा यहया, त्याची बायको जुलेखा आणि नऊ वर्षांची इनाया. शिवाय यहयाची आई मरियमबी. ती उन्हाळ्यात गावी जाते आणि थंडीला परत येते. बाग खरं तर तिची. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढले. मला तुळससुद्धा जगवता यायची नाही. सात थंड्यांमध्ये तिनं मला मेथी, मुळा, लाल माठ शिकवला. मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायला शिकवलं. ते मी श्वास रोखून घालते, पण घालते.

यंदा जुलैत ती गावी न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता शुक्रवारी येणार होती, वॉकर घेऊन. इथे व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही, म्हणून ती रोज आवाज रेकॉर्ड करून पाठवायची.

"छाया, गो, वाफे खणलेस काय? खणून चार दिस ऊन खाऊ दे हां मातीला."

मी उलट पाठवायची, "हो चाची, सुरूच आहे."

सुरू काहीच नव्हतं. सोमवारी संध्याकाळी मी फावडं घेऊन उभी, तर यहया ऑफिसच्या कपड्यांतच मागे आला.

"वहिनी, नका मेहनत करू. शनिवारी माणसं येतायत. सगळं अंगण टाइल्सनं पॅक करून टाकतो."

"सगळं?"

"सगळं. डॉक्टरनं सांगितलंय, अम्मीनं वाकायचं नाही, ओल्या मातीत पाय ठेवायचा नाही. ती ऐकणारय? तुम्हीच सांगा. माती दिसली की ही बसली उकिडवी."

"तिला सांगितलंयस?"

"आल्यावर बघेल ना."

मी म्हटलं, ती येतेच मातीसाठी. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. यहया हसला नाही. "वहिनी, परत पडली तर?" एवढंच म्हणाला. माझी आई पडली तेव्हा मी इथेच होते. तिकीट मिळून पोचेपर्यंत तीन दिवस गेले.

मी तशीच उभी राहिले म्हणून की काय, जाता जाता तो वळला. "न वाकता, न उतरता जमत असेल तर दाखवा. मी टाइल्स कॅन्सल करतो. पण शुक्रवारपर्यंत. यल्ला, निघतो."

त्या चार दिवसांत मी एका जागी बसले नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले. कणीक दोनदा मळली. खुर्चीवर बसून हात कुठवर जातो, गुडघा कुठं लागतो, हे टेपनं मोजत घरभर फिरले. दत्तप्रसाद म्हणाला, "माझं माप घेतेयस का? शेरवानी शिवणार?" व्हिडिओ इतके बघितले की फोन तापला. त्यातल्या सगळ्या बायका गोऱ्या आणि सगळ्यांची माती काळीभोर. पण युक्ती सापडली: जमिनीवर वाफाच उंच बांधायचा. माणूस खुर्चीवर, माती पुढ्यात. वाकणं नाही, उतरणं नाही. लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे दोन्ही कडांना सारखं ऊन मिळतं. माती मधे उंच, बाजूंना उतरती, म्हणजे पाणी थांबत नाही.

गुरुवारी दत्तप्रसाद गाडीत पांढरे सिमेंटचे ब्लॉक घालून आला. मातीची पोतीही आणली. "अठरा दिरहमला एक पोतं, म्हणजे सव्वाचारशे रुपयांची माती. आपल्याकडे पायाला चिकटून फुकट येते," असं प्रत्येक पोत्यामागे म्हणाला, पण उचलली त्यानंच. गुडघ्याइतकी उंच चौकट झाली. सहा फूट बाय अडीच. माती ओतली, मधे छान उंचवटा केला, हातानं थापून गुळगुळीत केला. शुक्रवारी सकाळी मला आणखी एक हौस सुचली. एक पांढरी टाइल घेऊन तिच्यावर हिरव्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, मरियमबी. आणि ती एका टोकाला उभी रोवली. म्हटलं, आल्या आल्या तिला कळू दे हे कुणाचं आहे ते.

यहया जुम्म्याची नमाज आटपून परस्पर विमानतळावर गेला. अडीचला विमान उतरणार होतं. विमानतळ इथून दहा मिनिटांवर. शाळेतून आलेली इनाया दप्तरासकट मागे आली आणि थबकली.

"आंटी," तिनं हळूच विचारलं, "हू डाइड?"

मला हसू आलं. मग मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले आणि बघितलं.

पाठोपाठ जुलेखा आली. ती रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकलेली. तिनं टाइलवरचं नाव वाचलं आणि ओढणीचं टोक तोंडाशी नेलं.

"छायाताई," ती म्हणाली, "आमच्यात कबरीत उत्तर-दक्षिणच ठेवतात."

"अगं, मला काय माहीत! ते उन्हासाठी..."

"मला माहितेय तुम्ही प्रेमानं केलंय. पण अम्मी आता पोचेल."

मागच्या दारातून दत्तप्रसाद म्हणाला, "मला कालपासून वाटतच होतं काहीतरी ओळखीचं दिसतंय." त्याला मी जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी टाइल उपटली आणि नळामागे उलटी टाकली. फावड्यानं उंचवटा फोडायला घेतला. एक ब्लॉक काढला तर माती भसकन पायावर. आता ती अर्धवट उकरलेली दिसायला लागली. ते तर आणखी भयंकर. मी माती परत लोटत होते, जुलेखा ओंजळीनं मदत करत होती, आणि पुढे गाडीचं दार वाजलं.

मरियमबी घरात गेलीच नाही. वॉकरची ठकठक सरळ बाजूच्या बोळातून मागे आली. केवढीशी झाली होती. मागे यहया, दोन्ही हात पुढे धरून, जणू काचेचं भांडं चालत होतं. त्यानं आधी वाफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे काय? खलास. उद्या टाइल्स."

"गप रे," मरियमबी म्हणाली. "खुर्ची आण."

ती बसली. आम्ही चौघं शाळेत पकडल्यासारखे उभे. तिनं टोकापासून टोकापर्यंत बघितलं.

"छाया, एवढी लांब कशाला केलीस? मी पाच फूटसुद्धा नाय."

जुलेखाला रडू फुटलं. मी म्हटलं, "चाची, माझी चूक झाली. मला सुचलंच नाही. तुम्हाला वाकावं लागू नये म्हणून..."

"रडता कशाला?" ती म्हणाली. "चार महिने गावात जो येई तो माझ्याकडं ह्याच नजरेनं बघून जाई. मोसंबी ठेवी नि बघे. हिनं निदान आत खत तरी घातलंय." तिनं हात मातीत घातला. मनगटापर्यंत. मग लांब केला, कोपर टेकलं, खांदा ताणला. मधल्या उंचवट्याला बोटं लागेनात.

"हे बघ. पोचत नाय. अर्धी जागा फुकट गेली."

यहया म्हणाला, "अम्मी, डॉक्टरनं वाकायला..."

"मी वाकले? सांग, वाकले? पाय कुठंयत माझे?"

पाय वाफ्यालगतच्या सिमेंटच्या पट्टीवर होते, कोरडे, नव्या चपलांत. पाठ ताठ. यहयानं ते दोनदा बघितलं. वाकून, अगदी चपलांपर्यंत. मग फोन काढला, थोडा लांब गेला. हिंदीत बोलत होता, पण ऐकू येत होतं. "नहीं भाई, पूरा नहीं. सिर्फ रास्ता. हां, दरवाजे से कुर्सी तक."

मरियमबीनं तिकडे लक्षच दिलं नाही. "सहाचे चार कर, अडीचाचा दीड. उरलेल्या ब्लॉकांचा दुसरा वाफा कर, असा आडवा घाल, पूर्व-पश्चिम. ऊन कमी मिळालं तर मिळालं. इनाया, तुझी पुस्तकं ठेव नि ये, माती लोट."

"आय हॅव होमवर्क, दादी."

"ह्याच्यानंतर."

सूर्य भिंतीच्या वर हातभर उरला होता. माझी कंबर सकाळपासून धरलेली. मी पहिला ब्लॉक उचलला. जुलेखानं डोळे पुसून दुसऱ्याला हात घातला.

"सावकाश," खुर्चीतून आवाज आला. "पडशील."