उलटा बसवलेला व्हॉल्व्ह

“असा गालात का हसतोयस, गोविंद?” बॉनेटवर कोपर टेकून फत्तेसिंहरावांनी विचारलं.

“हसतोय कुठे, रावसाहेब. वास गेला नाकात.”

वास खराच होता. रावसाहेबांच्या त्या दोन आसनी, उघड्या टपाच्या विलायती गाडीत इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ नळीतून खाली सुटे आणि थेट बसणाराच्या नाकात शिरे. गाडी गेली की रस्त्यातली कुत्रीसुद्धा शिंकत. आता ती वाफ परत इंजिनातच नेऊन जाळणारा, अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह बसवायचा होता. वाफ त्यातून एकाच दिशेनं जाते. गोविंद मिस्त्रीनं तो मुद्दाम उलटा बसवला आणि जुनी नळी गच्च बुजवून टाकली.

काही वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याला हीच गाडी भर लहरीपुऱ्याच्या बाजारात बंद पडली होती. पेट्रोल भरायला रावसाहेबच विसरले होते. पण चारचौघांत म्हणाले, “या गोविंदच्या हाताला यश नाही.” झालं! अख्ख्या बडोद्यात त्याच्याकडे सायकलसुद्धा फिरकेना; येई ती फक्त रावसाहेबांचीच गाडी. तेव्हापासून गोविंदनं तो राग जावयासारखा सांभाळला होता, रोज गरम गरम वाढून.

“चल, बस शेजारी,” रावसाहेब म्हणाले. “पहिली फेरी मिस्त्रीला घेऊनच. वडिलांपासूनची रीत आहे आमची.”

हे मात्र गोविंदच्या ध्यानातच नव्हतं.

लहरीपुऱ्यात वाफ कोंडली आणि तेल मोजायची दांडी अशी उडाली, की खंडेराव मार्केटात एका दुधी भोपळ्यात रुतलेली सापडली म्हणतात. ते सोडा. धूर झाला आणि दोघांचे पांढरे सदरे तेलानं माखले, एवढं खरं.

“रावसाहेब, गाडी छे के भठ्ठी?” पानवाला ओरडला. बाजार खदखदला. गोविंदचं काळीज निवलं.

फत्तेसिंहराव सीटवर उभे राहिले.

“हसा मला. याला नावं ठेवू नका. गाडी मीच ताणली. आणि त्या दसऱ्याला टाकी रिकामी होती. लाज वाटली म्हणून मी याच्यावर ढकललं.”

इतकी वर्षं जे ऐकायला जीव टांगला होता, ते कानावर पडलं आणि गोविंदला गिळवेना, थुंकवेना. तो उतरला, बॉनेट उघडलं आणि तापलेला व्हॉल्व्ह नुसत्या बोटांनी सोडवू लागला.

“गोविंदभाई, काले मारुं स्कूटर जोई आपशो ने?” पानवाल्यानं मागून विचारलं.

उद्या त्याची स्कूटर बघायला गोविंदनं होकाराची मान हलवली. व्हॉल्व्ह केव्हाच सुलटा बसवून झाला होता. तरी तो बॉनेटखालून डोकं बाहेर काढीना.