पाचवी रेघ आडवी

आत्याने क्रेटच्या कोपऱ्यातलं संत्रं उचललं, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबलं आणि तोंड वाकडं केलं. अंगठा आत रुतला होता. तिने ते बादलीत टाकलं, शेजारच्या ढिगातलं एक टणक संत्रं त्या जागी बसवलं, एप्रनच्या खिशातला खडू काढून क्रेटच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढली आणि पुढच्या क्रेटकडे वळली. सकाळचे सात वाजले होते. भाची यायच्या आत सगळं लख्ख व्हायला हवं होतं.

फळांच्या या गोदामात आत्याने एकतीस वर्षं निवड केली होती. तिच्या हातचा माल कधी परत आला नाही. सडकं दिसलं की काढायचं. जागा रिकामी राहिली तर फळं एकमेकांवर आपटतात म्हणून तिथे चांगलं बसवायचं. आणि जितकी काढली तितक्या रेघा. यात विचार करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, हात आपले आपण चालत.

भाची म्हणजे तिच्या भावाची मुलगी. लहानपणी इतके प्रश्न विचारायची, की आत्याने तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. आता हा शंकासुर विद्यापीठात शिकत होता आणि दोन वर्षं लवंगेच्या नि दालचिनीच्या अर्कामागे हात धुऊन लागला होता. हा अर्क फवारला तर तोडलेल्या संत्र्यांना बुरशी धरत नाही, असं तिचं म्हणणं. दहा दिवसांपूर्वी तिने गोदामाच्या कोपऱ्यात चार क्रेट मांडले, दोनांवर अर्क मारला, दोनांवर नुसतं पाणी. कशात काय ते तिच्या वहीत. क्रेटांवर फक्त आकडे. वास म्हणाल तर सगळ्या गोदामालाच लवंगेचा येत होता.

जाताना तिने बजावलं होतं, "आत्या, कोणाला हात लावू देऊ नकोस."

आत्याने लावू दिला नव्हता. हमाल तर सोडाच, मांजरालाही तिकडे फिरकू दिलं नव्हतं. त्या 'कोणाला'मध्ये आपणही येतो, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. आज अकराला भाचीच्या मॅडम येणार होत्या. 'या खेपेला काही दिसलं नाही, तर विषय बदल,' असं त्यांनी सांगून टाकलं होतं. अशा बाईपुढे पोरीचे क्रेट सडके दिसले तर इज्जतच गेली की!

आठच्या सुमाराला भाची आली. पहिला क्रेट पाहिला, दुसरा पाहिला, मग वही उघडून चारही पुन्हा पाहिले. आत्या शाबासकीची वाट पाहत कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आत्या, यातलं एकही सडलं नाही."

"मग? आहेच आपलं गोदाम तसं!"

"अगं, तीन आणि चार नुसत्या पाण्याचे आहेत. ते सडायलाच हवे होते." भाची उलट्या बादलीवर मटकन बसली. "पाण्याचंही चांगलं, अर्काचंही चांगलं. म्हणजे माझ्या अर्काने काहीच केलं नाही. मॅडमना फोन करते, येऊच नका म्हणून."

आत्या एक पाऊल पुढे आली. गप्प राहिलं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण भाचीने फोन हातात घेतला होता आणि तिचा खालचा ओठ लहानपणासारखा बाहेर आला होता. तो ओठ आत्याला कधीच बघवला नव्हता.

"फोन करू नकोस," ती म्हणाली. "सडली होती. मीच काढत होते. रोज."

भाचीने फोन खाली घेतला.

"सडकं डोळ्यांसमोर ठेवायचं कसं, तूच सांग. मला वाटलं, तुला मदत होईल."

"मदत!" भाचीचा आवाज चिरकला. मग तिच्यातला शंकासुर हळूच जागा झाला. "किती काढलीस?"

"ते काय मला विचारतेस? क्रेटला विचार."

आत्याने क्रेट फिरवले. मागच्या बाजूला खडूच्या रेघांच्या जुड्या होत्या, चार उभ्या आणि त्यांवर पाचवी आडवी. भाची गुडघ्यांवर बसून मोजू लागली. एक नंबरवर पाच. दोनवर चार. तीनवर अडतीस. चारवर एक्केचाळीस. तिने परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना तिला हसू फुटलं, ते आवरेना, आणि शेवटी तिने आत्याला अशी मिठी मारली की खडूचा तुकडा खिशातल्या खिशात मोडला.

अकराला मॅडम आल्या. भाचीने काही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमच्या कपाळावर आठी चढली. ऐकता ऐकता त्यांनी एक संत्रं उचललं आणि देठाजवळ अंगठ्याने दाबलं. आत्याचे डोळे चमकले. असं दाबायला पुस्तकात शिकवत नाहीत.

मॅडम वाकून रेघा बघत राहिल्या.

"माझी आई अशाच ओढायची," त्या म्हणाल्या. "पाचवी आडवी." मग एकदम सरळ होत, "हे आकडे मला कुठे दाखवता यायचे नाहीत. नवी संत्री घातलीत, सगळा घोळ झाला. प्रयोग पुन्हा मांडावा लागेल."

"आणि विषय?" भाचीने विचारलं.

"विषय कशाला बदलायचा? पण आत्याबाई, या वेळी..."

"नाही लावत," आत्या म्हणाली.

भाचीने पुन्हा तसेच चार क्रेट त्याच आकड्यांनी मांडले. पुढचे दहा दिवस आत्याने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. हात एप्रनच्या खिशात कोंबून ती क्रेटांपुढून जायची आणि दहा पावलांवरून परत यायची. तीन आणि चारवर आधी पांढरे ठिपके आले, मग हिरवी लव, मग पाणी सुटलं. एक आणि दोन मात्र जसेच्या तसे. आठव्या दिवशी तर ती हमालांना हाताला धरून आणू लागली. "बघा, बघा आमच्या पोरीचं कसं सडलंय!" हमाल नाक दाबून मान डोलवायचे.

दहाव्या दिवशी मॅडम आल्या. भाची वहीतून आकडे वाचत होती, शब्द एकमेकांवर पडत होते. मॅडम ऐकत होत्या, मान हलवत होत्या, हसतही होत्या. चार नंबरच्या कडेला एक संत्रं पार गळून शेजारच्याला टेकलं होतं. आकडे ऐकता ऐकताच मॅडमचा हात खाली गेला, दोन बोटं त्या संत्र्याकडे वळली.

आत्याने त्यांचं मनगट पकडलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "कोणाला हात लावू द्यायचा नाहीये."

मॅडमनी आपल्याच हाताकडे नवलाने पाहिलं. आत्याचा दुसरा हात अजून खिशातच होता, नवा खडू घट्ट धरून.