‘नम्र विनंती’ खोडणारा टाईपरायटर

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाईपरायटर आहे. वसईच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, नंदाखाल गावच्या वॉल्टरकाकांच्या टेबलावर मी पंचवीस वर्षं काढली. "याचा ‘ळ’ बघा, कसा टपोरा उठतो!" असं काका गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुशारून जाई.

भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, हरवलेल्या रेशनकार्डांचे अर्ज, सारं मी छापलं. पण माझा खरा मोठा दिवस उगवला २००३ साली.

त्या दिवशी निर्मळ गावच्या मनोरमाताई आल्या. फुलांची बाग करणाऱ्या, खळखळून हसणाऱ्या बाई. त्या बारा वर्षांच्या असताना शिकवणीच्या मास्तराने त्यांच्यावर अत्याचार केला होता आणि ‘कुणाला सांगशील तर बघ’ असा धाक घातला होता. वीस वर्षांनी त्याच्या दारात पुन्हा लहान मुलींच्या चपला दिसल्या, तेव्हा ताई तडक पोलिसांकडे गेल्या. खटला चालला, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. आता त्याने हायकोर्टात अपील केलं होतं: गुन्हा जुना आहे, मी म्हातारा झालो, शिक्षा कमी करा.

"सरकारी वकिलांना माझं म्हणणं लिहून द्यायचंय," ताई म्हणाल्या.

काकांनी सवयीने सुरुवात केली, ‘अर्जदार नम्र विनंती करते की...’

"नम्र कशाला? खोडा ते, काका!"

"अहो ताई, अर्जात तसंच लिहितात."

"शिक्षा कमी मागताना त्याला लाज वाटली का? खोडा!"

काका हसले आणि मी ते दोन शब्द खटाखट खोडले. मग ताईंनी सांगितलं, ‘मी वीस वर्षं गप्प राहिले, ती त्याच्या धाकाने. त्या वर्षांची सूट त्याला देऊ नका.’ हे छापताना माझा एकही दांडा अडकला नाही.

चार महिन्यांनी ताई रिक्षातून उतरल्या त्या ओरडतच. "तेवढीच राहिली शिक्षा, काका! एक दिवसही कमी नाही!"

न्यायाधीशांनी त्याचं वय पाहिलं, आजार पाहिले. तेव्हाच्या त्या मुलीचं वय आणि तिचा मोडलेला विश्वासही पाहिला. काळ लोटल्याने गुन्हा लहान होत नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. ताईंनी साऱ्या शेडला वेलची केळी वाटली. "हे याचं," म्हणत काकांनी एक माझ्याही डोक्यावर ठेवलं!

पुढे संगणक आले. आता मी काकांच्या पडवीत असतो, फीत वाळलेली, अंगावर धूळ. ती पुसली नाहीत तरी मी रागावणार नाही. पण मित्रांनो, एखादी मैत्रीण कधीची जुनी गोष्ट सांगू लागली, तर ‘इतके दिवस का नाही बोललीस?’ असं विचारू नका. जवळ बसा आणि ती सांगेल ते सगळं ऐका.