शेवाळातला निरंजन

नरहरी पेंटरची लेक जान्हवी बापाच्याच वळणावर गेली, असं ताम्हिणीच्या अलीकडचं ते धरणाकाठचं गाव म्हणायचं. खाण तशी माती. आणीबाणीत नरहरीनं एसटी थांब्याच्या भिंतीवर तोंड बांधलेला माणूस रंगवला, तेव्हा पोलिसांनी त्याच्याच हातून वर चुना मारून घेतला. नरहरी बिलंदर. त्यानं चुन्यात डिंकच घातला नाही. चार सरी पडल्या, चुना धुऊन गेला आणि माणूस जिथल्या तिथं.

आता त्याच भिंतीवर जान्हवीनं निरंजन रंगवला. डोंगर फोडायला आलेल्या मशिनींसमोर निरंजन गाव घेऊन बसला होता. चैत्रात त्याला चौकशीला म्हणून नेलं, तो परत आलाच नाही. चौकीवाले म्हणत, आम्ही सोडला, पळाला असेल कुठंतरी. त्याच्या आईची, सगुणाबाईची, गत मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. गेला म्हणायला जीभ रेटेना, हाय म्हणावं तर फोन नाही. तिनं जान्हवीकडं एवढंच मागितलं, की पोराचे डोळे उघडे काढ. जान्हवीनं ते चांगले टपोरे, समोर बघणारे काढले.

आठवड्यात फौजदार आला. चुन्याची बादली त्यानं जान्हवीच्या हातात दिली आणि डिंक स्वतः ओतला.

"तुझ्या बापाची खोड ठाऊक हाय आमाला," म्हणाला.

तीन हात मारून घेतले. जान्हवी घरी येऊन ढसाढसा रडली.

आषाढभर पाऊस कोसळला, पण चुना हलला नाही. श्रावणात भिंतीला शेवाळ धरलं. त्यात नवल नव्हतं, त्या बाजूला उभ्या माणसालाही शेवाळ धरेल. पण हे मधेमधे चुना तसाच पांढरा सोडून वाढू लागलं. आधी कपाळ दिसलं, मग नाक, मग हनुवटीवरचा तीळ. एसटीची वाट बघणारे लोक थांब्यात बसेनासे झाले, बाहेर छत्र्या धरून उभे राहू लागले.

जान्हवीनं आपल्या चित्राचा फोनमधला फोटो शेजारी धरून बघितला. रेषेचा फरक नव्हता. डोळे मात्र मिटलेले होते.

सगुणाबाईनं बघायच्या आत खरवडून टाकावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच जान्हवी तारेचा ब्रश घेऊन आली. शेवाळाला काय कळतंय, असं स्वतःला समजावत तिनं हात उचलला.

"ऱ्हाऊ दे गं बाई," मागून सगुणाबाई म्हणाली. "काल बघितलं मी."

तिनं त्या मिटल्या पापण्यांवरून बोटं फिरवली, तापातल्या पोराच्या फिरवावीत तशी. मग पदर खोचून ती थेट चौकीत गेली. जान्हवी तिच्या मागोमाग.

फौजदार चहा पीत होता. त्यानं नेहमीचंच सांगितलं, पळालाय, सापडला की कळवू.

"सायब, त्यो पळालेला न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "कुटं टाकलाय तेवडं सांगा."

फौजदाराची नजर खिडकीतून धरणाच्या पाण्याकडं गेली आणि लगेच कपाकडं वळली. जान्हवीनं ते बघितलं.

सगुणाबाईनंही ती नजर बघितली होती. ती तशीच मागं फिरली. पायरी उतरल्यावर जान्हवीचा हात धरून ती म्हणाली,

"भावकीला सांगावा धाड. आजपासनं सुतक धरायचंय."